बरगड्या आधी, चेहरा शेवटी

झरीच्या आश्रुबा पेंटरला कुणी वाघ काढायला सांगितला, की त्याचा पहिला सवाल ठरलेला, "वाघ कुठं हाय?"

"अहो, ह्या कॅलेंडरवर आहे की."

"मंग कॅलेंडरच टांगा ना. मला कामून बोलवलं?"

या स्वभावापायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली आणि उरलेली निम्मी फ्लेक्सनं पळवली. तरी गडी बधला नाही. त्रेसष्टी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधायची वेळ आली; पण जे डोळ्यांसमोर नाही ते ब्रशला लावायचं नाही, हा हेका कायम. गाव त्याला खुळा म्हणायचं. गावाला काय, जो नक्कल करत नाही तो खुळाच वाटतो. पण हे खूळ त्याला थेट विलायतेहून लागलेलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक.

आश्रुबा सात-आठ वर्षांचा होता तेव्हा त्याची आई सरजाबाई मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती. तिच्या खाटेसमोर भिंतीवर एक तसबीर होती. हातात कंदील घेतलेला येशू एका बंद दारावर थाप मारतोय. दारापुढं रान माजलेलं, वेली चढलेल्या, खाली सफरचंदं पडलेली. पोरगं दिवसभर त्या तसबिरीकडं बघत बसायचं. एकदा त्यानं सिस्टरबाईला विचारलं, "ह्या दाराला कडी न्हाई का?" बाई म्हणाल्या, "आहे की. आतून आहे." त्यांना त्यातून धर्म सांगायचा होता. पोराच्या डोक्यात मात्र वेगळंच बसलं. वेलीचं एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. ज्यानं कुणी हे काढलं तो माणूस त्या वेलीपुढं बसला होता, एवढं त्याला त्या वयात कळलं.

पुढं हायस्कुलात चित्रकलेच्या मास्तरांकडं एक फाटकं इंग्रजी पुस्तक निघालं आणि त्यात तीच तसबीर. मास्तरांनी नाव वाचून दाखवलं, होल्मन हंट. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला, मोठा देवभोळा माणूस. विशी-बाविशीत यानं दोघातिघा मित्रांना जमवून एक टोळी उभी केली. तिचं नाव प्री-राफेलाइट ब्रदरहुड. राफाएल म्हणून इटलीत एक थोर चित्रकार होऊन गेला होता आणि विलायतेतल्या बड्या शाळा त्याच्या नकलेची नक्कल, त्या नकलेची पुन्हा नक्कल पोरांकडून घोटून घ्यायच्या. ही पोरं म्हणाली, आम्ही त्याच्या आधीच्या लोकांसारखं काढणार. डोळ्यांनी बघून. चित्राच्या कोपऱ्यात गुपचूप तीन अक्षरं टाकायची आणि मोठ्या लोकांच्या शिव्या खायच्या. हंट तर असा जिद्दी, की एका बोकडाचं चित्र काढायला बोकड घेऊन थेट मृत समुद्राच्या काठी जाऊन बसला. तिथं बोकड मेला.

"मंग सर, चित्र ऱ्हायलं का?"

"नाही रे. दुसरा बोकड आणला, पुरं केलं."

"पयल्याला कुणी चारा न्हाई घातला?"

मास्तर हसले. आश्रुबा हसला नाही. पण बोकडाची ही गोष्ट त्यानं पुढं आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, बायकोला तर शंभरदा.

पंच्याऐंशी साली तीन पोरांनी परभणीत अशीच टोळी काढली. आश्रुबा, पेडगावचा लिंबाजी, आणि उर्दू-मराठी दोन्ही पाट्या सारख्याच झोकात लिहिणारा अफसर. नाव 'खरं मंडळ'. कायदा एकच, जे बघितलं नाही ते काढायचं नाही. प्रत्येक पाटीच्या, प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक 'ख. मं.' लिहायचं. सरकी पेंडीच्या जाहिरातीला त्यांनी लिंबाजीच्या घरचा बैल समोर बांधून काढला. बैलाचं एक शिंग वाकडं होतं, ते वाकडंच काढलं. दुकानदार भिंतीपुढं नाचला, "माझ्या पेंडीनं शिंग वाकडं होतं का रे?" त्याच साली निवडणूक होती. भिंतीभिंतीवर 'ख. मं.' बघून फौजदारानं तिघांना चौकीत बसवलं. हा कोणता पक्ष, उमेदवार कोण? अफसर हात जोडून म्हणाला, "साब, उमेदवार बैल है."

तिघं एका कपात चहा प्यायचे, एका विडीचे तीन भाग करायचे. पण हे सगळं परभणीच्या हाटेलात. पेडगावला लिंबाजीच्या घरी आश्रुबाचा कप वेगळा होता. गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला. आश्रुबानं तो काढायचा, चहा घ्यायचा, विसळायचा, परत ठेवायचा. लिंबाजीला हे खटकायचं का? खटकायचं. मग त्यानं काय केलं? आईपुढं तोंड उघडलं नाही. आश्रुबाला घरी न्यायचंच बंद केलं. झालं, सुटला प्रश्न.

आणि झरीला आला, की लिंबाजी आश्रुबाच्या उंबऱ्यावर बसायचा. मालनबाई तेव्हा नवी नवरी होती. नवऱ्याचा दोस्त म्हणून हौसेनं ताट वाढायची. लिंबाजी म्हणायचा, "वहिनी, आज उपास हाय." सोमवारी आला तरी उपास, मंगळवारी आला तरी उपास. मालनबाई एकदा नवऱ्याला म्हणाली, "तुमचा दोस्त लय धार्मिक हाय हो. आठवड्यात सात उपास करतो." आश्रुबा मान खाली घालून ब्रश धूत राहिला. त्यानंही तोंड उघडलं नाही.

ते दोघं तुटले त्याचं निमित्त मात्र वेगळंच. लिंबाजीनं कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन आणलं. झरीच्या भीमजयंतीचा पडदा आश्रुबा दरसाल रंगवायचा, त्या साली त्याच्याच वस्तीतल्या पोरांनी तो लिंबाजीकडून छापून आणला. आश्रुबा तणतणत परभणीला गेला आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "खरं मंडळाचा मालक आता फोटो छापायलाय!" लिंबाजीही गप्प बसणारा नव्हता. "तुझं खरं चाटून माझी लेकरं जगायची का?" त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलं नाही. अफसर दोघांत निरोप न्यायचा-आणायचा, तो दोन्हीकडच्या शिव्या गाळून सांगायचा. तो वारला आणि निरोपही संपले.

यंदा झरीत नवा विहार बांधून झाला. समोरची दहा बाय चौदा फुटांची भिंत मोकळी होती. समितीतली जाणती मंडळी म्हणाली, सुजाता सिद्धार्थाला खीर देते तो देखावा बसवू. छापील टाइल्स मिळतात, चकचकीत, दोन दिवसांत काम. समितीची सचिव धम्मशीला, शाळेत शिक्षिका. तिनं एकटीनं टाइल्स अडवल्या. आश्रुबाच्या घरी येऊन म्हणाली, "मामा, भिंत तुमची. पण बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी मला ती पुरी पाहिजे. नाही झाली, तर टाइल्सची ऑर्डर मीच देणार. मला सगळ्यांपुढं तोंडघशी पाडू नका."

आश्रुबानं चाळीस वर्षांत बियाणं, बिडी, बनियन आणि पुढाऱ्यांचे हात रंगवले होते. मनाजोगी रंगवावी अशी एक भिंत त्याला कुणी दिली नव्हती. ही मिळाली, आणि दुसरी मिळायचं वय उरलं नव्हतं. त्यानं मालनबाईला एवढंच सांगितलं, "ही भिंत खोटी झाली, तर मी ब्रश मोडून चुलीत घालीन."

"घाला," मालनबाई म्हणाली. "सरपण तेवढंच वाचंल."

सुजाता सोपी होती. ती पाठमोरी काढायची, म्हणजे तिचे हात तेवढे दिसणार. ते त्यानं मालनबाईचे काढले, मनगटावर तव्याच्या चटक्याचा डाग आहे तो सुद्धा. अडलं सिद्धार्थापाशी. सहा वर्षं शरीर वाळवलेला माणूस. कॅलेंडरवाले त्याचे गाल गोबरेच ठेवतात आणि पोटावर चार रेघा ओढून मोकळे होतात. आश्रुबाला खरी हाडं पाहिजे होती. वस्तीत सगळे खाऊन-पिऊन बरे. दारुडे हडकलेले होते, पण त्यांना तासभर सरळ बसवणार कोण?

मार्चच्या अखेरीस तो रंग आणायला परभणीला गेला. बसस्टँडच्या बाकावर एक म्हातारा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. गळपट्टीची हाडं अशी वर आलेली, की दोन्ही खळग्यांत चार चार थेंब पाणी राहावं. मनगट म्हणजे दोन काड्या आणि वर कातडं. आश्रुबा दहा पावलांवर थांबून बघत राहिला. आधी त्याला हाडं दिसली. माणूस ओळखू आला तो नंतर.

"लिंब्या?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. बराच वेळ बघितलं. "आशऱ्या. मेला न्हाईस आजून?"

"तू तर आर्धा मेल्यावानी दिसायलास."

"आर्धी ती गेली ना." लिंबाजीनं कप खाली ठेवला. बायको जाऊन वर्ष झालं होतं. पोरगा पुण्यात. मशीन विकलेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. चूल पेटवायचं मनात येत नव्हतं एवढंच. चहा आणि बिस्किटावर चाललं होतं.

आश्रुबानं हे ऐकलं, पण त्याचे डोळे गळपट्टीवरच होते. "माझ्यापुढं बसशील का? विहाराची भिंत हाय. उपाशी सिद्धार्थ काढायचाय."

"सोळा वर्षांनी बोललास, ते हाडं बघून?"

"व्हय."

"लय हलकट हायस, आशऱ्या."

"सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. ऊन दहापर्यंतच चांगलं ऱ्हातं."

आणि तो आला. पेडगावहून परभणी, परभणीहून झरी, दोन गाड्या बदलून, हातात पाण्याची बाटली. विहाराच्या ओसरीत पोत्याची घडी टाकून आश्रुबानं त्याला उघड्या अंगानं बसवलं. काम करायची आश्रुबाची रीत मास्तरांच्या त्या पुस्तकातलीच. भिंतीच्या हातभर जागेवर पांढरं अस्तर द्यायचं, ते ओलं आहे तोवर पातळ रंग चढवायचा, म्हणजे पांढरा आतून उजेड देतो. दिवसाला हातभर, जास्त नाही. जे सगळ्यात अवघड ते आधी, आणि चेहरा शेवटी. त्यानं बरगड्यांपासून सुरुवात केली. एकेका बरगडीला अर्धी सकाळ. दोन बरगड्यांच्या मधली सावली निळी नसते, तांबूस असते, हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं आणि तो पोरासारखा खूश झाला.

दहाला ऊन तापलं. आता याला उपाशी गाडीत कसं बसवायचं? आश्रुबा त्याला घरी घेऊन आला.

मालनबाई दारात उभी. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "या भाऊजी. आज वार कोणता? कशाचा उपास म्हणायचा?"

लिंबाजी उंबऱ्याशी थांबला. जुन्या सवयीनं तिथंच टेकायला वाकला, मग सरळ झाला. "आज काय न्हाई, वहिनी."

तो आत आला. मालनबाईनं ताट वाढलं. ज्वारीची भाकर, येसराची आमटी, कांदा. लिंबाजी पहिल्या घासाला बराच वेळ चावत राहिला, जणू दातांना विसर पडला होता. अर्धी भाकर खाल्ली. मग ताट उचललं, न्हाणीपाशी जाऊन घासलं, विसळलं आणि भिंतीला उभं करून ठेवलं. आश्रुबा उठायला लागला तसा मालनबाईनं त्याला डोळ्यांनीच बसवला. तिनं लिंबाजीला अडवलं नाही. "ठेवा हो, मी धुते" असंही म्हणाली नाही. लिंबाजी गेल्यावर ते ताट तिनं पुन्हा एकदा न धुता मांडणीवर लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाऊण भाकर. आठवड्यानं दीड. मालनबाई रोज काहीतरी नवीन काढायला लागली. अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, एक दिवस धपाटे आणि दही. "भाऊजी, लाजू नका. पाठीमागचे सगळे उपास सोडायचेत तुमाला, हिशोब लय मोठा हाय." लिंबाजी लाजत नव्हता. दुपारी तिथंच बाजेवर लवंडायचा, चारच्या गाडीनं जायचा. मग केव्हातरी जायचाही बंद झाला, ओसरीतच झोपायला लागला.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. समितीतले एक जाणते गृहस्थ विहाराच्या ओसरीत येऊन धम्मशीलेला म्हणाले, "ज्यानं जन्मभर आपल्या घरचं पाणी घेतलं न्हाई, त्याला बुद्ध करून भिंतीवर बसवायचा? आमी त्याच्यापुढं हात जोडायचे?"

बोलणं चुकीचं नव्हतं. धम्मशीलेलाही ते लागलं. लिंबाजी पोत्यावर उघडा बसलेला, तो खाली बघत राहिला. आश्रुबाचा पारा चढायला लागला होता, पण धम्मशीलेनं त्याला विचारलंच नाही. पाण्याची कळशी घेऊन आलेल्या मालनबाईकडं ती वळली. "मावशी, तुम्ही सांगा. ताट तुमचं परतवलं होतं यांनी."

मालनबाईनं कळशी खाली ठेवली. "वीस वर्षं परतवलं. मी मोजलंय. आता रोज दोन खातो. माझं फिटलं न्हाई आजून, तवर ह्याला कुणी उठवायचं न्हाई."

गृहस्थ पुटपुटत गेले. धम्मशीला म्हणाली, "ठीक आहे. पण मामा, तारीख लक्षात आहे ना?"

तारीख आश्रुबाच्या लक्षात होती. दुसरंच काहीतरी सुटलं होतं.

बाविसाव्या दिवशी सगळं झालं होतं. पाय, मांड्या, खपाटीला गेलेलं पोट, बरगड्या, गळपट्टी. राहिला चेहरा. आश्रुबानं अस्तर लावलं, चष्मा पुसला आणि लिंबाजीकडं बघितलं. मग भिंतीकडं. मग परत लिंबाजीकडं.

"लिंब्या."

"आं?"

"तू फुगायलास की रे."

लिंबाजीनं गालाला हात लावला. गाल होते. डोळ्यांखालच्या खाचा बुजल्या होत्या, कानशिलं भरली होती, रंगावर तेज आलं होतं. भिंतीवर उपाशी माणसाचं धड, आणि पोत्यावर दोन भाकरी आणि ताक पचवलेला पाहुणा. आश्रुबा बावीस दिवस ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचा, त्यातली एक रोज बदलतेय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो बघायचा बरगड्या. चेहऱ्याकडं तो वेळ आल्याशिवाय बघत नसे.

ते ओलं अस्तर वाळून गेलं. त्या दिवशी ब्रश टेकला नाही.

धम्मशीला म्हणाली, "मामा, पाच दिवस राहिले. तुम्हाला ते सुरुवातीचे गाल आठवतात ना? तसे काढा. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मग काय टाइल्स आणू?"

आश्रुबा घरी आला. लिंबाजी बाहेर बाजेवर पडला होता. मालनबाई परातीत भाकर थापत होती. तिच्याजवळ उकिडवा बसून तो हळू आवाजात म्हणाला, "ऐक. चार दिवस त्याला एकच भाकर वाढ. आमटी पातळ. ताक नको. गाल जरा बसतील."

मालनबाईचा हात थांबला. परातीत भाकर अर्धी थापलेली.

"तुमच्या त्या सायबाचा बोकड कशानं मेला म्हणला होता तुमी?"

आश्रुबा परातीकडं बघायला लागला.

"मला वाटलं, तुमी दोस्ताला जेवायला आणलं. तुमी रंगवायला आणलं व्हय?" तिनं भाकर उचलली आणि तव्यावर अशी टाकली, की राख उडाली. "त्याच्या घरचा कप तुमी विसळला, मी काय बोलले न्हाई. त्यानं माझं ताट परतवलं, मी काय बोलले न्हाई. पण माझ्या हातानं कुणाच्या ताटातली भाकर काढायला सांगू नका. भिंत ऱ्हायली तर ऱ्हायली."

बाजेची कुरकुर झाली. लिंबाजी दारात उभा होता. सगळं ऐकलेलं. तो आत येऊन नेहमीच्या जागी बसला. मालनबाईनं वाढलं, तसं त्यानं ताट दोन बोटांनी पुढं सरकवलं.

"वहिनी, चार दिवस मी खात न्हाई. ह्याची एवढी एक भिंत होऊ द्या. उपासाची मला सवय हाय, तुमाला ठावं हाय." आणि हसला. "आवंदा खरा उपास करीन. देवाशप्पत."

तव्यावरची भाकर करपायला लागली, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आश्रुबा त्या ताटाकडं बघत होता. तीस-पस्तीस वर्षं तो या माणसानं या घरात ताटाला हात लावावा म्हणून वाट बघत होता, कधी बोलला नव्हता. आणि लावलेला हात आज त्यानंच काढून घ्यायला लावला. भिंतीपायी. ज्या भिंतीवर उपास सोडणारा माणूस काढायचाय, तिच्यापायी.

त्यानं ताट परत लिंबाजीपुढं ढकललं.

"खा."

"आरं पण तुझी भिंत—"

"भिंत गेली खड्ड्यात. खा म्हणतो ना. आमटी गार व्हायलीय."

लिंबाजीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग भाकर मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला. खाली मान. डोळे भरलेले होते, ते लपवायला तो जोरजोरात चावत होता, आणि चावता चावता कपाळावरची आठी सुटली, खांदे खाली आले, आणि ओठाच्या कडेला, नको असताना, एक समाधान येऊन बसलं.

"हालू नको," आश्रुबा ओरडला.

"आँ?"

"हालू नको रे! घास तोंडातच ठेव. मालन, कोळसा दे. कायबी दे!"

मालनबाईनं चुलीतला विझका कोळसा दिला. दारामागं अडकवलेली लग्नपत्रिका ओढून आश्रुबानं तिच्या पाठीवर झराझरा रेघा ओढल्या. लिंबाजी गाल फुगवून, घास धरून बसलेला. मालनबाई वाकून बघत होती.

"पण बरगड्यांचं काय?" आश्रुबा स्वतःशीच पुटपुटला. "धड उपाशी आन् तोंड जेवलेलं."

"मंग बरोबरच हाय की," मालनबाई म्हणाली. "बाळंतीण बघा, आजारी बघा. पोटात दोन घास गेले की आधी तोंड उजाडतं. बरगड्या काय त्याच दिवशी भरत्यात व्हय?"

आश्रुबानं कोळसा खाली ठेवला आणि बायकोकडं असं बघितलं, की तिनं उगीच पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत, मास्तरांच्या त्या पुस्तकातही, त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं.

मग तीन दिवस सकाळी मालनबाई वाटीत तांदळाची खीर घेऊन विहारात यायची. लिंबाजी पोत्यावर बसून खीर खायचा आणि आश्रुबा हातभर अस्तरावर त्याचं तोंड उतरवायचा. आधी डोळे, मग गाल, मग ओठ. तिसऱ्या दिवशी लिंबाजी म्हणाला, "वहिनी, गोड लय झालं. उद्या जरा ठेचा आणा."

"बुद्धाला ठेचा?"

"इथं बुद्ध कोण हाय? मी पेडगावचा."

ठरल्या दिवशी संध्याकाळी धम्मशीला आली. भिंतीपुढं उभी राहिली. हाडांचा सापळा झालेला एक माणूस, हातात वाटी, तोंडात पहिला घास, डोळे ओले आणि कपाळ मोकळं. समोर बाईचे हात, मनगटावर चटक्याचा डाग. मागं पिंपळ. शिक्षिकेची सवय, चूक शोधायची. ती शोधत होती.

"मामा, सगळीकडं तो डोळे मिटलेला असतो."

"जेवताना कोण डोळे मिटतं, बाई?"

तिच्यासोबत म्हातारी कडूबाई आली होती, काठी टेकत. तिला दिसायचं कमी. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, नाक टेकेल एवढी, आणि वळून मालनबाईला विचारलं, "जेवायलाय व्हय त्यो?"

"व्हय, आत्या."

"बरं झालं," कडूबाई म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

धम्मशीलेनं पदरानं डोळे टिपले आणि मोठ्या आवाजात, कुणाला तरी दटावल्यासारखं म्हणाली, "टाइल्स रद्द."

सगळे पांगले. आश्रुबा ब्रश धुवायला लागला. लिंबाजीनं सदरा अंगात घातला, पोत्याची घडी झटकली, पाण्याची बाटली उचलली. ती पिशवीत ठेवताना त्याला फार वेळ लागला.

"झालं मंग," तो म्हणाला.

"झालं."

"आता मी... म्हंजी उद्यापासून माझं काय काम न्हाई हितं." पेडगावच्या घराची किल्ली त्याच्या हातात होती. ती तो उगाच उलटीसुलटी करत होता. "सकाळच्या गाडीनं जावं म्हणतो."

आश्रुबानं ब्रश झटकला. भिंतीकडं बघितलं. भिंतीवर आता एक ठिपका टाकायला जागा नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. लिंबाजीलाही ठाऊक होतं, तोही पेंटर. पाय तर कधीच झाले होते, नखासकट, टाचेच्या भेगांसकट. जन्मभर हा माणूस चित्राच्या बाबतीत अर्ध्या अक्षरानं खोटं बोलला नव्हता.

"डावा पाय जमला न्हाई," आश्रुबा म्हणाला.

लिंबाजीनं पायाकडं बघितलं. "कुठं जमला न्हाई?"

"अंगठा. पुन्हा बघावा लागंल. चार-आठ दिवस तरी."

धम्मशीला दारात चप्पल घालत होती. ती परत आत आली, वाकून तो अंगठा नीट निरखला, आणि म्हणाली, "हो मामा. पायाचं बरंच काम राहिलंय."

लिंबाजीनं किल्ली खिशात टाकली. "सांगितलं होतं मी ह्याला," तो मालनबाईला म्हणाला, "पयल्यापासून पाय काढता येत न्हाईत ह्याला."

"चला," मालनबाई कळशी उचलत म्हणाली. "भाकरी थापायच्यात."